एका वाडग्यातलं मलम

सूचना : गेल्या सात दिवसांचा विचार करून उत्तरे द्या. प्रत्येक प्रश्नापुढे एकाच चौकटीत खूण करा. उत्तरे स्वतः द्यावीत.

"स्वतः द्यावीत म्हणे," व्हेलिका म्हणाली. "मग काय शेजारणीनं द्यायची?"

"शेजारीण देईलही. तिला विचारलं नाही तरी देते."

देशका आणि व्हेलिका या सख्ख्या जावा. दोन भावांची दोन घरं, पण अंगण एक, विहीर एक, आणि अंगणातली उन्हाळ्याची चूलही एकच. चौतीस वर्षांत दोघींनी स्वतः म्हणून काही केलं असेल तर बाळंतपण, आणि तेव्हाही दुसरी उशाशी होतीच. व्हेलिका थोरली, तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. देशका धाकटी, तिचा मिन्चो अजून होता, आणि आहे हे दिवसभर बोलून सगळ्यांना कळवत होता.

द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल, टेबलावर दोन फॉर्म आणि एक पेन. हात मात्र चारही सारखेच. दोघींनी बावीस वर्षं लोणच्याच्या कारखान्यात काकड्या आणि मिरच्या खारवल्या होत्या, व्हिनेगरच्या टाकीत कोपरापर्यंत. कारखाना बंद पडला, इसब राहिलं. बोटांच्या पेरांवर चिरा, तळव्यांना खपल्या. थंडीत रक्त, उन्हाळ्यात आग. मिन्चोनं प्लोवदिव शहरात औषधाच्या दुकानाच्या दारावर कागद पाहिला : हातांच्या इसबावर नव्या मलमाची चाचणी, स्वयंसेवक हवेत. त्यानं घरी येऊन तो कागद जसाच्या तसा, दाराच्या टाचणीसकट, टेबलावर ठेवला.

"हे तू काढून आणलंस?" देशकानं विचारलं.

"दोन स्वयंसेवक आमच्याकडे आहेत. त्यांना आता कागदाची काय गरज?"

प्रश्न १. खाज, आग किंवा ठणका किती होता?
☐ खूप ☐ बऱ्यापैकी ☐ थोडा ☐ अजिबात नाही

फॉर्म पंधरवड्यातून एकदा. शिवाय रोजची एक छोटी वही, तिच्यात दर संध्याकाळी शून्य ते दहामधला एक आकडा.

"किती लिहिलंस?"

"सात."

"सात? दुपारी विहिरीशी उभी राहून रडत होतीस ती कोण होती मग?"

"दुपारी नऊ होतं. पण नऊ लिहिलं तर त्या पोरीला वाईट वाटेल. एवढं मन लावून मलम देते."

ती पोरगी म्हणजे डॉक्टर तोनेवा. तिशीची असेल. हात तपासताना ती हातमोजे घालत नसे. पहिल्याच दिवशी तिनं व्हेलिकाचा तळवा आपल्या तळव्यावर घेतला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तेव्हापासून व्हेलिका तिला आकड्यांनी दुखवायला तयार नव्हती.

"अगं ताई, मलम काय ती बनवते?"

"देते तर ती ना."

देशकानं तिच्या हातून पेन काढून घेतलं, सात खोडला आणि नऊ लिहिला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी प्लोवदिवला जायचं म्हणून देशका नायलॉनचे लांब मोजे चढवत होती आणि ते बोटांना कुठेच अडकले नाहीत. एक धागा ओढला गेला नाही. ती एक पाय वर, एक खाली, अशी पलंगावर बसून राहिली. मग तिनं तो मोजा उतरवला आणि पुन्हा चढवला.

व्हेलिकाचे हात होते तसेच होते.

अर्ध्या लोकांना खरं औषध, अर्ध्यांना नुसती साधी क्रीम. ट्यूब दिसायला एकसारख्या, आणि कुणाला काय मिळालं ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. हे सगळं दोघींना आधीच समजावून सांगितलं होतं. दोघींनी मान डोलावली होती आणि मनातून म्हटलं होतं, आम्हाला काय ते एकच देतील.

"लॉटरी आहे ती," मिन्चो म्हणाला. "तुला बक्षीस लागलं, वहिनीला तिकीट."

"तू जा, कोंबड्यांना दाणे टाक."

प्रश्न ४. हातांमुळे एखादी गोष्ट करायचं टाळलंत का? असल्यास कोणती?

इथे चौकट नव्हती, दोन ओळी मोकळ्या होत्या. व्हेलिकानं त्या कोऱ्या सोडल्या. तिनं काय टाळलं ते देशकाला ठाऊक होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी व्हेलिकाच्या मुलाचं, व्हेंत्सीचं लग्न होतं. मुलगी इस्क्रा, महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर कामाला, मोठ्यानं हसणारी. मे महिन्यात मुलीकडचे जेवायला आले होते. व्हेलिकानं कोशिंबिरीत हात घालून काकडीची फोड सारखी केली, आणि विहीणबाईंनी त्या हाताकडे एकदा पाहून आपल्यासाठी वेगळी ताटली मागितली. वाईट बोलली नाही बिचारी. नुसती ताटली मागितली. त्यानंतर जेवण संपेपर्यंत व्हेलिकाचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

आणि लग्नाच्या दिवशी तर दारात सासूनंच उभं राहायचं असतं. सासूनं आपल्या हातानं पाव मोडायचा, तुकडा आधी मिठाला आणि मग मधाला लावायचा, आणि आपल्या बोटांनी सुनेच्या तोंडात घालायचा. सगळं गाव बघत असतं. सून घरची झाली ती त्या घासानं. चर्चमधली सही नंतरची.

"तू भरव तिला," व्हेलिका जूनमध्येच म्हणून गेली होती, भांडी विसळता विसळता. "तूही सासूच की. कुणाला काही वाटणार नाही."

देशकानं विसळलेली ताटली फडताळात ठेवली होती.

संमतीपत्र, पान ६, कलम ११ : मला दिलेले मलम मी दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीस वापरण्यास देणार नाही.

यावर दोघींच्या सह्या होत्या. आणि देशकाला कुणी खोटारडी म्हटलं असतं तर तिला खरोखर धक्का बसला असता. दुसरी व्यक्ती म्हणजे पोस्टातली बाई. दुसरी व्यक्ती म्हणजे खालच्या आळीतला सुतार. व्हेलिका ही दुसरी व्यक्ती आहे, असं तिच्या डोक्यात आलंच नाही.

या अंगणात डिसेंबरात डुक्कर कापायचे ते दोघींचं. आलुबुखाराची दारू गाळायचे ती दोघींची. हिवाळ्यासाठी मिरच्या-टोमॅटोची घट्ट चटणी, ल्युतेनित्सा, शिजायची ती एका कढईत, आणि मग पळीनं वाटली जायची : एक पळी तुझ्या बरणीत, एक माझ्या, आणि कढईच्या बुडाचं दोघींनी पावानं पुसून तिथंच उभ्या उभ्या खायचं. आधी वाटून मग शिजवलं, असं कधी कुणी केलं नव्हतं.

तेव्हा चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी देशकानं अंडी फेटायचा मातीचा वाडगा घेतला, घासूनपुसून उन्हात वाळवला, आणि दोघींच्या नव्या ट्यूबा शेवटापर्यंत त्यात पिळल्या. लाकडी चमच्यानं घोटलं. कुठलं कुणाचं ते ओळखू येईना इतकं घोटलं. मग जर्दाळूच्या मुरंब्याच्या दोन छोट्या बरण्यांत सारखं सारखं भरलं.

"हे चालतं का गं?" व्हेलिकानं विचारलं.

"न चालायला काय झालं? तुझ्यातलं अर्धं मला, माझ्यातलं अर्धं तुला. कुणाचं काय गेलं?"

रिकाम्या ट्यूबा त्यांनी परत नेऊन दिल्या. दवाखान्यात त्यांचं वजन करत. वजन बरोबर भरलं. पुढच्या वेळी पुन्हा तोच वाडगा.

आठव्या आठवड्यात व्हेलिकानं लिंबू पिळलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. रस मनगटापर्यंत ओघळला आणि ती नुसती पाहत राहिली, हात पुढे धरून, जणू त्यावर पाखरू येऊन बसलं आहे. देशकाच्या अंगठ्याशी थोडी लाली परतली होती, एक चीर पुन्हा उघडली होती. ते तिला चाललं. खरं सांगायचं तर आवडलंच.

"देशके," व्हेलिका म्हणाली, "मी भरवते तिला. माझी मीच भरवते."

भेट : आठवडा दहावा

व्हरांड्यातल्या बाकावर एक मुलगी बसली होती, बावीस-तेवीसची. तिच्या बोटांना पट्ट्या होत्या. कॉफीचा कागदी पेला तिनं दोन मनगटांमध्ये धरला होता आणि वाकून पीत होती. देशकानं जागा करून घेतली.

"तू पण आमच्यातलीच का?"

"नाही हो मावशी. मला घेतलं नाही. आधीच्या गोळ्या चालू आहेत ना." ती हसली. "केस कापायचं शिकले दोन वर्षं. आता शाम्पूला हात लावला की हे असं. डॉक्टर म्हणतात, हे मलम बाजारात येईपर्यंत थांब. थांबलेय."

आत डॉक्टर तोनेवानं व्हेलिकाचे हात दिव्याखाली उलटेसुलटे केले. ती इतकी खूश झाली की तिनं फोटो दोनदा काढला.

"मग आता दुकानात कधी येणार हे?" देशकानं विचारलं. बाहेरच्या मुलीसाठी विचारलं. आपणही या कामात हातभार लावला, या अभिमानानं विचारलं.

"ते तुमच्या हातांवर आहे, मावशी. तुमच्यासारखे सहाशे लोक आहेत. शेवटी दोन ढीग करायचे. एकात खरं औषध लावलेले, दुसऱ्यात साधी क्रीम लावलेले. पहिल्या ढिगातले बरे झाले आणि दुसऱ्यातले नाही झाले, तर औषध खरं."

"आणि दोन्ही ढिगांतले सारखेच थोडे थोडे बरे झाले तर?"

"तर कंपनी म्हणेल, साधी क्रीमही तेवढंच करते. मग हे कपाटात जाईल. कायमचं."

डॉक्टर पुढेही काही बोलत होती. देशकाच्या डोळ्यांपुढे लाकडी चमचा फिरत होता.

प्रश्न ६. या आठवड्यात घरातल्या माणसांशी संबंध ताणले गेले का?
☒ खूप ☐ बऱ्यापैकी ☐ थोडे ☐ अजिबात नाही

दोन दिवस तिनं ते पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी मिरच्या भाजायच्या होत्या. अंगणभर धूर, पोत्यावर लाल लाल लांबट मिरच्यांची रास. देशका साली काढत होती, व्हेलिका कढईत लांब दांड्याचा लाकडी उलथणा फिरवत होती.

"ताई, डॉक्टरला सांगायला हवं."

"काय?"

"वाडग्याचं."

उलथणा फिरत राहिला. "सांगितलं की मलम काढून घेतील."

"हो."

"लग्नाला किती दिवस आहेत, मोजलेत?"

"पुढच्या भेटीपासून पंधरा."

"पंधरा." व्हेलिकानं कढईतून नजर उचलली नाही. "मी तुझ्याकडे तेवढेच मागते. पंधरा दिवस गप्प बस. मग जा आणि हवं ते सांग, मी तुझ्या शेजारी उभी राहते."

"आत्तापर्यंत आपल्याला ठाऊक नव्हतं, ताई. आता ठाऊक आहे. आता गप्प बसलो तर ते ठरवून केल्यासारखं होईल."

"तुझ्या मुलाचं लग्न कधीच उरकलं. तू भरवलंस सुनेला. तेव्हा तुझे हात आजच्यापेक्षा बरे होते, मी दारातच उभी होते, मला आठवतंय." व्हेलिकाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि वाडगा कुणी काढला? मी मागितलं होतं?"

"नाही. मीच काढला."

"मग?"

देशकाच्या हातातली मिरची साल काढता काढता फाटली. धुरानं की कशानं, दोघींचे डोळे लाल झाले होते.

"बाहेर ती मुलगी बसली होती," देशका म्हणाली. "पेला मनगटात धरून पीत होती."

"मी पाहिली तिला. मला काय डोळे नाहीत?" व्हेलिकानं उलथणा कढईच्या काठावर आपटला. "मला ती नको होती बघायला. मला माझी सून बघायची होती."

संध्याकाळी बरण्या भरल्या, पण पळी-पळीनं नाही. व्हेलिकानं आपल्या बरण्या उचलल्या आणि आत गेली. कढईच्या बुडाचं तसंच राहिलं. मिन्चोनं पाव आणला, दोन्ही दारांकडे पाहिलं, आणि एकटाच पुसून खाऊ लागला.

पुढचे नऊ दिवस मांडवाखालच्या टेबलाशी एकच वही होती.

ही जागा दवाखान्याच्या वापरासाठी आहे. येथे काही लिहू नये.

बाराव्या आठवड्याच्या भेटीला निघताना देशका गाडीपाशी आली, तर मागच्या सीटवर व्हेलिका आधीच बसली होती. डोक्याला चांगला रुमाल. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. ती खिडकीबाहेर पाहत होती. देशका पुढे बसली. मिन्चोसुद्धा गप्प होता, म्हणजे त्यालाही कळलं होतं.

डॉक्टरच्या खोलीत देशका खुर्चीच्या कडेवर बसली. ती मिरच्यांबद्दल बोलली. यंदा टोमॅटो पाणीदार निघाले त्याबद्दल बोलली. डॉक्टर हसून ऐकत होती, पेन उघडून.

"आता सांगतेस," व्हेलिका म्हणाली, "का मी सांगू?"

आणि तिनं टॉवेल सोडला. आत दोन बरण्या होत्या. दुसरी तिनं सकाळीच देशकाच्या खिडकीतून उचलून आणली होती. तिनं त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. झाकणांवर अजून जर्दाळूची चित्रं होती.

देशकानं मग सगळं सांगितलं. वाडगा, चमचा, मंगळवार. कलम अकरा वाचलं होतं हेही सांगितलं. डॉक्टर तोनेवानं एक बरणी उघडली, आतल्या मलमावरच्या चमच्याच्या रेघा पाहिल्या, आणि तोंडावर हात ठेवला.

"रागावलीस, पोरी?" देशकानं विचारलं.

"रागावले." तिनं झाकण लावलं. "तुमच्यावर थोडी. माझ्यावर जास्त. दोघींचा पत्ता एक, अंगण एक, आणि तुमची वेगवेगळी उत्तरं येतील असं मला वाटलं. माझी आजीही आपल्या जावेशेजारी राहायची. मला कळायला हवं होतं."

"मग आता काय?"

"तुमच्या दोघींच्या नोंदी मोजणीतून बाजूला काढायची परवानगी मागेन. का, ते लिहीन. जे झालं तेच लिहीन. तुम्ही आज आला नसतात तर या नोंदी त्या दोन ढिगांत बसल्या असत्या, आणि कुणाला कधीच कळलं नसतं."

"ते औषध? कपाटात जाईल?"

"दोघींमुळे नाही जाणार. पण असे वाडगे अजून किती घरांत आहेत, ते आता मी सगळ्यांना विचारणार आहे."

व्हेलिकानं घसा साफ केला. "एवढं तरी सांग. खरं कुणाच्या ट्यूबमध्ये होतं?"

"मलाच माहीत नाही, मावशी."

"आणि माझे हात? पंधरा दिवस टिकतील?"

डॉक्टरनं तिचा हात घेतला, पहिल्या दिवशी घेतला होता तसा. "जुनं मलम लिहून देते. पाण्यात हात घालू नका, मिरच्यांना अजिबात लावू नका. टिकतील असं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण ते मला माहीत नाही."

"नको म्हणूस मग," व्हेलिका म्हणाली.

परतीच्या वाटेवर देशका मागच्या सीटवर बसली. अर्ध्या रस्त्यात व्हेलिका म्हणाली, "तुझी ल्युतेनित्सा खारट झालीय. मी माझ्या बरणीतली चाखली."

"कढई एकच होती, ताई."

"तरी तुझीच खारट."

(इथून पुढे प्रश्न नाहीत.)

ते पंधरा दिवस व्हेलिका मांडवाखाली खुर्ची टाकून राणीसारखी बसली आणि हुकूम सोडत राहिली. देशकानं दोन्ही घरांची भांडी घासली, दोन्ही घरांच्या चादरी धुतल्या, उरलेल्या मिरच्या सोलल्या. तिचे स्वतःचे हात चौथ्याच दिवशी फुटले. तिनं ते ॲप्रनच्या खिशात ठेवले. व्हेलिकाला दिसायचं ते दिसलंच.

दहाव्या दिवशी व्हेलिकानं उजवा अंगठा टेबलावरून पुढे केला. पेरावर केसाएवढी रेघ होती.

लग्नाच्या सकाळपर्यंत अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्ही उघडी होती. बाकीचा हात बरा होता. पाव मोडायला लागतात ती मात्र नेमकी तीच दोन बोटं.

फाटकातून ढोल-क्लॅरिनेटचा आवाज आत शिरला तेव्हा दोघी दारात उभ्या होत्या. देशकाच्या हातात ताट : गोल पाव, मिठाची वाटी, मधाची वाटी.

"तू भरव," व्हेलिका पुटपुटली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "देशके, ऐक माझं. विहीणबाई समोरच आहेत."

"मी ताट धरलंय."

"ताट मिन्चोकडे दे."

"मिन्चो सांडेल."

"देशके."

"ताई, माझे हात तुझ्याहून वाईट आहेत. बघ." तिनं ताटाखालची बोटं दाखवली. "भरवायचं तर तूच."

व्हेलिकानं पाहिलं. मग तिनं पाव मोडला.

तुकडा मिठात गेला, आणि बोटंही गेली. तिच्या खांद्यातून एक झटका गेला. तो ताटापर्यंत पोचला, देशकाला हातांत जाणवला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, तरी तुकडा पडला नाही. मग मध. मग ती बोटं, उघडी, चिकट, लाल, सुनेच्या तोंडाजवळ गेली. विहीणबाई टाचा उंचावून बघत होत्या.

इस्क्रानं तोंड उघडलं नाही. तिनं सासूचं मनगट धरलं.

"झोंबलं?"

"मीठ आहे," व्हेलिका म्हणाली. "काही नाही. घे."

इस्क्रानं घास घेतला. सगळा, बोटांच्या टोकांपर्यंत. मनगट सोडलं नाही. तोंड भरलेलं असतानाच तिनं तो हात आपल्या ओठांसमोर वळवला आणि लहान मुलाच्या गुडघ्यावर घालतात तशी त्या दोन बोटांवर फुंकर घातली. क्लॅरिनेटवाला सुराच्या मध्येच थांबला. आता काय करायचं ते त्याला कळेना. मागून कुणीतरी विचारलं, काय झालं, आत का जात नाहीत?

"आता?" इस्क्रानं विचारलं.

"अजून थोडं," व्हेलिका म्हणाली.

इस्क्रानं पुन्हा फुंकर घातली.